पाली-तलवाडा सामन्याची शेवटची चढाई

त्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीत दूध कमी आणि वेळ भरपूर होता. मी पालीचा, शेजारच्या टेबलावरचा दोस्त तलवाड्याचा. जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेत दोन्ही गावं उपांत्य फेरीत समोरासमोर आली, तेव्हा आमची पैज लागली. ज्याचं गाव हरेल, त्यानं आठवडाभर टँकरवरून सोसायटीचं पाणी भरायचं.

शेवटच्या चढाईत आम्ही धरलेल्या तलवाड्याच्या गड्याचा हात मध्यरेषेला लागला असं पंचांनी ठरवलं आणि पाली एका गुणानं हरली. दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन बायकांच्या रांगेत उभा राहिलो. मान वर होईना. तेवढ्यात दोस्त आला. मला वाटलं, चिडवणार.

तो हळूच म्हणाला, "शेवटच्या चढाईत आमच्या गड्याचा हात मध्यरेषेला लागलाच न्हाई. मी जवळून पाहिलं."

"मग तवा कावून गप बसलास बे?"

"जिंकत होतो ना!"

आमचं असं जुंपलं की नंबर कधी गेला ते कळलंच नाही. मागची म्हातारी म्हणाली, "तुमी खेळा, आमी पाणी भरतो."

दोस्तानं माझ्या हातातली घागर घेतली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. आठवडाभर पाणी त्यानंच भरलं. तलवाड्यात मात्र त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, आणि पालीत मीही नाही.