मामांचा पोपटी सदरा

मित्रांनो, दुपारी काष्टी गावात मामांना स्मशानात पोचवून आलो. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

बहात्तरच्या दुष्काळाआधी आमचे मामा शर्यतीत बैलगाडी हाकायचे. बैल दुसऱ्यांचे, हाकणारे मामा. तोच त्यांचा धंदा. बाकीचे मळकी बंडी घालून यायचे. मामांचा मात्र पोपटी सदरा, मोठ्ठी टोकदार कॉलर आणि गळ्यात लाल रुमाल. लोक म्हणायचे, "तमाशात निघाला जनू!"

मामा मामीकडे बोट दाखवून म्हणायचे, "धुरळ्यात मानूस दिसत न्हाई. सदरा दिसला म्हंजी हिला कळतं, मी गाडीवर हाय."

मामी लांब बांधावर डोळ्यांवर हात धरून उभी असायची. शर्यत संपताना पोपटी ठिपका दिसला की मगच घरी जाऊन चूल पेटवायची.

आज तिनं ट्रंकेतून तोच सदरा काढला. "ह्यो घाला त्यान्ला."

थोरला मामेभाऊ सगळ्यांदेखत खेकसला, "आये, लोकं हसतील!" आणि मामांच्या अंगावर नवं कोरं पांढरं कापड चढलं.

मला सांगा, कोण हसलं असतं? आणि हसलं असतं तरी मामांचं आता काय बिघडणार होतं?

तिरडी निघाली. रस्त्यावर फुफाटा उडाला, त्यात सगळे पांढऱ्या कपड्यांतले. मामी दारात उभी होती, काखेत पोपटी सदरा, डोळ्यांवर हात. शेजारणीला विचारत होती,

"कुठं हायेत गं? मला दिसंनात."