काचेवरची लगबग

लॅबच्या स्क्रीनवर असंख्य ठिपके शेपट्या हलवत धावत होते. "बघा, तुमचेच आहेत," तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या. मी बघत राहिलो. वीर्यदानासाठी आलो होतो. रक्त देऊन झालं, घराण्यातले आजार लिहून झाले. आता नमुना पास होतो का, एवढंच उरलं होतं.

अर्जाला मी सवयीने पदवीची झेरॉक्स जोडली होती, 'सत्यप्रत' असा शिक्का मारून. मॅडम हसल्या, "अहो, नोकरीला आलात का?" आमच्या घरात पदवी माझ्यापासून सुरू झाली, तीही गावच्या गुरुजींनी पोटच्या मुलासारखं शिकवलं म्हणून. दुसऱ्याच्या लेकरासाठी किती जीव लावता येतो, ते मी त्यांच्याकडेच पाहिलं.

"पास!" मॅडम म्हणाल्या. "आता हे गोठवून ठेवू. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, मगच वापरू. मूल झालं तरी तुम्हाला कळणार नाही हं."

"चालेल की!"

कुठल्याशा घरी पाळणा सजेल, आत्या बाळाच्या कानात नाव सांगेल. ते नाव मला कधीच कळणार नाही. तरी त्या बारशाचं आमंत्रण मिळाल्यासारखा मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आलो.