शून्य गुणांचा शेजारी

कचेरीत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. लोक समाजमाध्यमांवर काय लिहितात ते दिवसभर चाळायचं आणि ज्याच्या लिहिण्याला हिंसेचा वास येईल त्याचं नाव पोलिसांकडे पाठवायचं, हेच तिचं नऊ वर्षांचं काम. यंत्र प्रत्येक खात्याला धोक्याचे गुण देई, आणि बाईचा त्या गुणांवर देवापेक्षा जास्त विश्वास. शाळेतल्या एका स्वयंपाकिणीनं ‘मुख्याध्यापकांना एकदा उकळत्या पातेल्यात घालते’ असं लिहिलं, तर तिला शंभरात ब्याऐंशी गुण पडले. पोलीस दोनदा तिच्या घरी जाऊन आले. बिचारीनं लिहिणंच सोडलं.

खालच्या मजल्यावरचा कुलूपवाला बाईच्या घराच्या दाराचं कुलूप बदलायला आला, तेव्हा बाई आणि तिच्या सासूबाई समोरच होत्या. चौकातल्या सभागृहात परक्या मुलखातून आलेल्यांची बैठक भरते, त्यांच्याबद्दल तो स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "बाहेरून कुलूप घालून पेटवून दिलं पाहिजे एकदा." हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा.

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा नुसता बोलत नाहीये. तुझ्या साहेबांच्या कानावर घाल."

दुसऱ्या दिवशी बाईनं त्याचं खातं उघडलं. चार वर्षांत फक्त जुन्या कुलूप-किल्ल्यांचे आणि पाळलेल्या पोपटाचे फोटो. गुण शून्य. घरी येऊन ती हसत सासूबाईंना म्हणाली, "आई, तुमचा अतिरेकी पोपट पाळतो." साहेबांना काही सांगितलंच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

तीन आठवड्यांनी त्यानं बोलल्याप्रमाणे केलं. तिघं जळून गेली.

चौकशीत साहेबांनी तिची पाठराखण केली. "खात्यात काही नव्हतंच, कळायला मार्गच नव्हता." जबाबाच्या कागदावर शेवटचा प्रश्न होता, खात्याबाहेरची काही माहिती होती का? शरमेनं तिचे कान तापले. मग तिनं ‘नाही’ लिहिलं.

संध्याकाळी घरी आली. किल्ली लावताच कुलूप उघडलं. काम चोख केलं होतं मेल्यानं. आत सासूबाई वाट बघत बसल्या होत्या.

"आपण ऐकलं होतं ते सांगितलंस ना त्यांना?"

"हो."

"बरं केलंस," म्हणत त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "चुकलो आपण, पण लपवलं तरी नाही."

चाळणीबाईला मान वर करवेना.