तांबोर गाव रिकामं काहून झालं?

रूपाचा फोन आला तवा मी भांडे घासून राह्यलती. हात साबणाचे होते, म्हणून कोपरानंच स्पीकर दाबला. "निखिलदादा नाही राह्यला," एवढंच ती बोलली, अन् मंग तिकडून नुसता दवाखान्याचा गलका... फोन बंद झाला तरी मी तेच एक भांडं घासत बसली. खरं सांगते, मले पहिले रडू नाही आलं, भेव आलं. भर दुपार होती, समोर वावरात कापसाची पऱ्हाटी वाऱ्यानं हलून राह्यलती, हिरवीगार, माणसाहून उंच. मी उठली अन् दार लावून घेतलं.

निखिलदादा माह्या मामाचा पोरगा, रूपाचा सख्खा मोठा भाऊ. यवतमाळच्या होस्टेलातून त्यानं एक खेळ शिकून आणला होता. ना बोर्ड लागे, ना मोबाईल. एक जण जग सांगते, बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र घेतात, अन् पुढं काय होते ते बोलून अन् फासा टाकून ठरते. बस! त्यानं जग सोताचंच बनवलं होतं, राजे, नद्या, लढाया, हजार वर्षाचा इतिहास. पण मधात मधात मोठे मोठे तुकडे कोरे ठेवलेले. मी एकदा विचारलं, "दादा, हे कायले सोडलं?" तर हसला, "अवो, सारंच मी भरलं तर तुमी काय करसान? झोपा काढसान?"

मामानं भाव येईन म्हणून गेल्या सालचा कापूस विकलाच नव्हता. पुढची खोली खिडकीपर्यंत भरलेली. दादा, रूपा, संतोष अन् मी, आमी त्या ढिगावरच बसून खेळो. अंगाले खाज सुटे, फासा कापसात गडप होऊन जाये, अन् संतोष कोपरापर्यंत हात घालून चाचपत बसे. संतोष बंजाऱ्याइच्या तांड्यावरचा, दादाचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं पात्र म्हणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव फिरणारा व्यापारी, कारण त्याच्या घरचे जुने लोक तसेच फिरत. तो बाकी काही नाही विचारे, फक्त एवढंच विचारे, "या गावात मीठ कोण आणे बे?" अन् त्या एका प्रश्नावरून शंभर वर्ष भरून निघत! मिठाची वाट निघे, वाटेवर विहीर निघे, विहिरीपायी भांडण निघे... दादा डोये मोठे करून आयके. नियम एकच होता. ढिगावर बसून जे बोललं ते पक्कं. मंग ते त्याले सोताले बी बदलता येत नव्हतं.

शेवटचा खेळ झाला तवा पऱ्हाटीवर औषध माराचे, फवाऱ्याचे दिवस चालू होते. दादा सकाऊन वावरात फवारा मारून आलता, पंप ठेवून, आंघोळ करून येऊन बसला. त्या दिवशी आमी तांबोरले पोचलो. तांबोर म्हणजे त्याच्या जगातलं सगळ्यात मोठं गाव, अन् पुरं रिकामं. घरं शाबूत, माणूस एक नाही. संतोष म्हणे, "रिकामं काहून झालं?" दादानं डोये चोळले. मंग हळूच बोलला, "धुकं आलं. पांढरं, वासाचं. ज्याच्या अंगावर पडलं त्याले एकाचे दोन दिसाले लागले." मी तर टाळ्या वाजवल्या! "अन् मंग?" "मंगचं कोरं ठेवतो," म्हणे. फासा पडला तर वाकून वाकून पाहे. "चार हाय का पाच?" संतोषनं चिडवलं, "म्हातारा झाला लेका तू!" फासा दोनवर होता.

रातच्याले त्याले उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले फवाऱ्याचं औषध अंगात भिनलं, एकाचे दोन दिसाले लागते ते बी त्याच्यानंच. औंदा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती, मारलेला फवारा तोंडावरच परत येत होता.

महिना झाला, तरी औषधाचा वास आला की मी दार लावून घेते. अन् त्याहून जास्त भेव त्या कोऱ्या जागेचं वाटे. त्या जगात धुकं सोडून दिलेलं, पक्कं झालेलं, अन् आवरणारा कोणी नाही...

एका रविवारी मामाच्या घरी, त्याच ढिगावर रूपाच बोलली, "खेळू. तू सांग." मामी चहा ठेवाले आत गेली. संतोष आला, पण उभाच. "लवकर आटपा बाप्पा, उद्या सकाऊन माह्या काकाच्या वावरात फवारा हाय."

रूपानं मान वर केली. "तू मारणार?"

"रुमाल बांधतो ना बे तोंडाले. काका एकटा किती करन?"

मी खेळ सुरू केला. संतोषचा व्यापारी तांबोरच्या वेशीत उभा, समोर धुकं. "मेले ना सारे?" संतोष म्हणे. "सांगून टाक एकदाचं."

मले सांगताच येईना. "मेले" म्हटलं तर ते पक्कं होणार होतं.

"नाही मेले," रूपा बोलली. "माह्या पात्राची आजी तांबोरची. धुक्यातून पहिले एक पोरगा आला, त्याले एकाचे दोन दिसत होते. त्याले पाहून साऱ्याइले भेव लागलं. कोणी हिंमत केली नाही, कोणी रुमाल बांधला नाही. लेकरं उचलले, चुलीवरचं तसंच ठेवलं अन् पळाले. म्हणून गाव रिकामं."

"अन् तो पोरगा?" मी विचारलं.

"तो राह्यला तिथंच."

संतोष कापसावर बसला. फासा हातातच होता, टाकला नाही. मंग त्यानं खिशातून फोन काढला अन् आमच्यासमोरच लावला, स्पीकरवर.

"काका, उद्या मी नाही येत फवाऱ्याले."

"काहून रे? तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय. भेव लागते."

मले वाटलं आता शिव्या येतील. पण तिकडून नुसती बकरी ओरडून राह्यलती.

"...मलेबी लागते रे बापू," काका बोलला. "नको येऊ. मीबी नाही जात."