झाकण न उघडणाऱ्या विमलताई

विमलताईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा पाणी विचारायच्या आधी त्यांनी माझा पदर दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिला.

"नायलॉन," त्या म्हणाल्या. "हे नेसून माझ्या भट्टीपाशी यायचं नाही. सुती नेसून या, केस बांधून या. मग बोलू."

मी चित्रकलेची शिक्षिका. पोरांना वर्गाबाहेर उभं करण्यात उभा जन्म गेला. मला दारातून परत पाठवणारं कोणी भेटलं नव्हतं. चिडून घरी आले, सुती साडी नेसले आणि पुन्हा गेले. एवढं काय आहे ते तरी बघू, असं म्हणून गेले, ती आठ वर्षं जातच राहिले.

भाट्याच्या किनाऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. विमलताई लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत प्रयोगशाळेत तीस वर्षं होत्या. नमुने जाळून राख तपासायची भट्टी त्यांच्या ताब्यात असे. निवृत्त होऊन माहेरच्या घरी आल्या आणि फंडाच्या पैशातून त्यांनी मुंबईहून विजेची जुनी भट्टी आणली, वॉशिंग मशीनएवढी, वरून झाकणाची. साठीच्या एकट्या बाईने गाय घेतली असती, शिवणाचं मशीन घेतलं असतं, तर वाडीला समजलं असतं. भट्टी कोणालाच समजली नाही. फुटक्या खिडक्यांच्या काचा गोळा करून ही बाई त्यांच्या ताटल्या आणि वाडगे करते म्हटल्यावर तर लोक हसायलाच लागले. ताईंनी त्याची कधी पर्वा केली नाही.

शिकवताना मात्र त्या लोट्याच्या शिफ्टवर असल्यासारख्या वागत. एका तावदानाची काच दुसऱ्या तावदानाच्या काचेत मिसळायची नाही, दोन्ही वेगवेगळ्या आकसतात आणि तडकतात. पहिल्या दोनशे-तीनशे अंशांपर्यंत अगदी सावकाश चढायचं. आठशेच्या आसपास काचेचे थर एकजीव होतात. त्याच ताटलीचा वाडगा करायचा तर ती कुंभाराकडच्या साच्यावर ठेवून पुन्हा तापवायची, पण या खेपेला सातशेच्या आतच थांबायचं, म्हणजे काच मऊ होऊन आपल्या वजनाने साच्यात बसते. साच्याच्या तळाला भोक हवंच, नाहीतर खाली अडकलेली हवा काचेला फुगवते. आत डोकावायचं तर काळा चष्मा लावून, तेही भट्टीच्या भिंतीतल्या बोटभर भोकातून. आणि गार होताना झाकणाला हात लावायचा नाही.

या शेवटच्या नियमात मी नापास झाले. माझी पहिली ताटली आत होती. ताई बाजारात गेल्या होत्या. मोदक उकडले का बघायला आपण झाकण उचलतो ना, तितक्याच सहज मी झाकण चार बोटं उचललं. काटा तीनशेवर होता. आतून 'टक्' असा बारीकसा आवाज आला आणि ताटली मधोमध दुभंगली. ताई आल्या, माझा चेहरा बघूनच समजल्या.

"तापताना काच गप्प असते," त्या म्हणाल्या. "भांडते ती गार होताना. हाताला सोसेल इतकी भट्टी निवेपर्यंत झाकण माझं नाही, तुमचं नाही, कोणाचंच नाही." मग त्यांनी एक जाड वही काढली आणि माझ्याच हाताने माझी चूक त्यात लिहून घेतली. त्या वहीत त्यांच्या स्वतःच्या चुकाही होत्या, माझ्यापेक्षा पुष्कळ.

दोन वर्षांपूर्वी वाडीतला ट्रान्सफॉर्मर जळला. दोन दिवस वीज नव्हती. फ्रीजमधली सुरमई गेली, आणि खापर भट्टीवर फुटलं. पुढे होते सुरेशभाऊ, ताईंचे शेजारी. उभी हयात बोटीवर काढलेला माणूस, मनाने वाईट नाही, पण एकदा बोलला की मागे न फिरणारा. वीज आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पडवीत बैठक बसली.

ट्रान्सफॉर्मर जळला त्या दिवशी भट्टी बंद होती; ताईंनी वहीतल्या भट्टीच्या तारखा दाखवल्या. सगळे जरा नरमले. विषय मिटलाच होता. तेवढ्यात सुरेशभाऊंनी विचारलं, "ता ऱ्हाव दे. पण इतक्या वर्षांत ह्या भट्टीमुळं कधी कायच झाला नाय? खरा सांग गो."

मी ताईंचा हात दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"झालं आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी. मी भट्टी लाकडी वाशाच्या फार जवळ ठेवली होती. वासा काळा पडला. धूर आला म्हणून समजलं, नाहीतर छप्पर गेलं असतं. चूक माझी. मग वासा काढला, चिऱ्याची भिंत घातली, भट्टी चारी बाजूंनी दोन हात मोकळी केली, वायर बदलली."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. छप्पर गेलं असतं, एवढंच सगळ्यांनी धरून ठेवलं. वीज कार्यालयाचा माणूस तपासून जाईपर्यंत भट्टी बंद, आणि बंद म्हणजे आत्ता, या घटकेला, असं ठरलं.

रस्त्यात मी ताईंवर भडकले. म्हटलं, कोणी मागितलं होतं हे खरं? त्या म्हणाल्या, "कंपनीत एकाने असंच लपवलं होतं. नंतर दुसऱ्याचा हात भाजला. खोटं बोलून भट्टी ठेवायची असेल तर मी ती समुद्रात टाकीन."

पण बैठकीच्या त्या दिवशी भट्टी चालू होती. वादळात फुटलेल्या आमच्या शाळेच्या खिडकीच्या काचांची परात आत होती, तीन थरांची, ताईंनी केलेली सगळ्यांत मोठी. एकजीव होऊन ती आता साडेपाचशेवर मुरत होती. तिथून पुढे तासाला थोडे थोडे अंश उतरायचं होतं. मध्येच वीज तोडली असती तर इतकी जाड काच बहुतेक तडकलीच असती.

सुरेशभाऊ चार जणांना घेऊन ताईंच्या पडवीतला मेन स्विच पाडायला आले. ताईंनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, मीटरच्या पेटीखाली ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"बंद करणार," त्या म्हणाल्या. "तुमचा निर्णय मान्य आहे. पण उद्या संध्याकाळी. आत्ता नाही."

"आणि वीज आपली आपण गेली तर काय करशील?" सुरेशभाऊंनी विचारलं.

"वीज गेली तर माझा नाइलाज. माणसाने घालवली तर नाही."

"उठ गो विमल. उगाच तमाशा नको."

"उठवा."

सहासष्ट वर्षांच्या बाईला खुर्चीवरून उचलणार कोण? पाच पुरुष पडवीत एकमेकांकडे बघत उभे राहिले. मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती. मी आतून दुसरी खुर्ची आणून शेजारी बसले. जेवणाची वेळ झाली तसे एकेक जण पांगले. सुरेशभाऊ शेवटी गेले, रागाने चप्पल उलटसुलट घालून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडलं. परात अख्खी होती. मध्ये एक बुडबुडा राहिला होता, त्याबद्दल ताई आठवडाभर कुरकुरल्या. मग कबूल केल्याप्रमाणे त्यांनी स्वतः मेन स्विच पाडला आणि महिनाभर भट्टीकडे फिरकल्या नाहीत. वीज कार्यालयाचा माणूस आला, अर्धा तास वायरिंग बघत राहिला आणि म्हणाला की आमच्या ऑफिसातही इतकं नीट नाही. भट्टी पुन्हा लागली.

या वर्षी ताईंच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाचा कप हलायचा. मग एकदा जाड हातमोजे घालून गरम साचा बाहेर काढताना तो त्यांच्या हातून निसटला. कोणाला लागलं नाही. त्यांनी वहीत ते लिहिलं, भट्टीची वायर काढून नीट गुंडाळली आणि मला म्हणाल्या, "उद्या माणसं आणा आणि तुमच्या घरी न्या. माझ्या हातात आता ती धोक्याची आहे."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, मी येते ना रोज मदतीला. त्यांनी ऐकून घेतलं नाही. पदर खोचला, दोन अंगणांमधला दगडी गडगा ओलांडला आणि थेट सुरेशभाऊंच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. भाऊ सुपारी कातरत बसले होते.

"भाऊ, भट्टी बंद केली," ताई म्हणाल्या. "माझा हात कापतो म्हणून. तुम्ही सांगितलं म्हणून नाही."