लेकीला बसतं करताना

माझी मुलगी जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. सुईण तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारत होती आणि मी खाटेवरून नुसती बघत होते. शेवटी ती रडली, तेव्हा घरातल्यांचा जीव भांड्यात पडला आणि ती गोष्ट सगळे विसरून गेले. मी काही विसरले नाही.

साठचं दशक तेव्हा संपत आलं होतं. भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागे एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. गाव रत्नागिरीकडचं, नवरा मिठागराच्या कचेरीत कारकून. मी घरी शिवणकाम करायची. आजूबाजूच्या गुजराती बायकांचे ब्लाऊज शिवून शिवून माझं हिंदी आणि गुजराती दोन्ही चालण्याइतकं झालं होतं.

मुलगी गोरीगोमटी, हसरी. पण लंगोट बांधायला घेतला की तिचे पाय एकमेकांवर आवळले जायचे, सोडवता सुटायचे नाहीत. हाताच्या मुठी कायम बंद आणि अंगठा आत. अंघोळीच्या वेळी त्या मुठी उघडून मी आतला मळ काढायची. वर्षाची झाली तरी ती बसत नव्हती. बसवली की फळी कलावी तशी मागे जायची.

बाजारातले डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बसतात, टॉनिक देतो. नवऱ्याला ते पटलं. मला पटलं नाही, पण दोन महिने टॉनिक पाजलं.

मग एक दिवस देवीची लस टोचायला नर्सबाई चाळीत आल्या. टोचण्यासाठी त्यांनी मुलीचा दंड धरला आणि धरूनच ठेवला. कोपरातून हात वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला.

"किती महिन्यांची?"

"चौदा."

"मुठी अजून बंद आहेत?"

"जन्मापासून."

त्यांनी लस टोचली आणि पुढच्या दारी न जाता उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "हिला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जा. असल्या मुलांकडून हालचाली करून घेतात, हातापायांना वळण लावतात, असा एक विभाग आहे तिथे. मला त्याचं नाव धड येत नाही. पण आत्ताच न्या. पाच वर्षांची झाल्यावर नेऊन उपयोग अर्धा होतो."

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, डॉक्टर थांबा म्हणतात आणि नर्स जा म्हणते. ऐकायचं कोणाचं?"

"नर्सबाईंनी तिचा हात धरून बघितला. डॉक्टरांनी बघितला नव्हता," मी म्हटलं. "सोमवारी मी जातेय. तुम्हाला रजा मिळाली तर या."

त्याला रजा मिळाली नाही. मी एकटी गेले.

हॉस्पिटलात लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. जन्मताना मेंदूला हवा कमी पडली असणार, हे त्यांनी मला सरळ सांगितलं. औषध नाही म्हणाले, आणि एका चिठ्ठीवर दोन इंग्रजी अक्षरं लिहून दिली. ओ.टी. दारातल्या शिपायाने चिठ्ठी बघून जिन्याकडे बोट केलं. वर गेले, तर एका बंद दरवाजासमोर बाकावर चारपाच माणसं तोंडं पाडून बसली होती. मीही बसले. बराच वेळ गेला. मुलगी कुरकुरायला लागली म्हणून मी डब्यातली पेज तिला भरवायला घेतली, तोच पांढऱ्या टोपीची सिस्टर धावत आली.

"काय करताय? ऑपरेशनच्या आधी खायला घालताय?"

"कसलं ऑपरेशन?" मी डबा खाली ठेवला. "मला कोणी ऑपरेशनचं बोललं नाही."

तिने चिठ्ठी घेतली, वाचली, मग उलटी करून डॉक्टरांची सही बघितली आणि तिला हसू आलं. "बाई, हे ऑपरेशन थिएटर. तुमची ओ.टी. वेगळी. खाली जा, मागच्या अंगणापलीकडे. आणि पेज भरवून मगच जा."

मी तिथेच बसून पेज भरवली. एक घासही सांडू दिला नाही.

खालची ओ.टी. बघून मला वाटलं, पुन्हा चुकले. ते कारखान्यासारखं दिसत होतं. एक माणूस हातमागावर विणत बसला होता, दुसरा लाकडाला रंधा मारत होता. मग कळलं, एकाचा हात यंत्रात सापडलेला, दुसऱ्याला अर्धांग झालेलं. काम करता करता हात परत कामाला लावायचा, ही तिथली रीत. ओ.टी. म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी; व्यवसायोपचार हा त्याचा मराठी शब्द मी फार नंतर ऐकला.

पलीकडे चटईवर एक तरुण बाई लहान मुलांबरोबर बसली होती. तिचं मराठी गुजराती वळणाचं. तिने मुलीला माझ्याकडून घेतलं नाही. म्हणाली, "तुम्ही घरी हिला कसं उचलता, कसं भरवता, ते पहिलं मला दाखवा."

मी दाखवलं. एवढ्या महिन्यांत तसं मला कोणी विचारलं नव्हतं.

तिने मला तासभरात जे शिकवलं, ते आजही मला येतं. कडक मुलाला हिसका देऊन ओढायचं नाही. कमरेतून हळू वळवलं की पाय आपोआप सैल होतात. मूठ उघडायला बोटं ओढायची नाहीत. आधी मनगट वाकवायचं. गोधडीची वळकटी करून छातीखाली द्यायची, पुढ्यात काही आवडतं ठेवायचं, म्हणजे मूल हातांवर भार टाकून मान वर करतं.

"आठवड्यातून एकदा मी," ती म्हणाली, "बाकीचे दिवस तुम्ही. एटले, म्हणजे, मी हिला थोडं शिकवणार आणि तुम्हाला जास्ती."

ते मला जमण्यासारखं होतं. माप घ्यायचं, चुकलं तर उसवायचं, पुन्हा शिवायचं, हेच तर माझं रोजचं काम. मी दर सोमवारी गेले. नवरा सकाळी कामावर जायच्या आधी वळकटी मांडायला लागला. त्याच्या हातून ती माझ्यापेक्षा घट्ट व्हायची.

तीन महिन्यांनी बाईंनी मला एक चित्र काढून दिलं. पाठ कोपऱ्यासारखी, समोर फळी, अशी बैठी खुर्ची. त्यात मुलीला बसवली की हात मोकळे राहतील. बाजारातल्या सुताराला चित्र दाखवलं, तर तो म्हणाला, असली वस्तू आपण कधी केली नाही. तेव्हा शेजारणीने जवळच्या राई गावातल्या एका म्हाताऱ्याचं नाव काढलं. तो मच्छीमारांच्या होड्या बांधायचा आणि दुरुस्त करायचा. मुलीला कडेवर घेऊन मी चालत राईला गेले.

म्हाताऱ्याने चित्र एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने परत केलं. "बाय, कागद मला समजत न्हाय. पोरीला बसव हितं."

मी तिला त्याच्यासमोर, होडीच्या सावलीत धरून बसवली. तो वितीने तिची पाठ मोजत होता. मध्येच त्याने आपला तळहात तिच्या पाठीशी लावला आणि मला म्हणाला, "सोड."

"पडेल ती."

"माझा हात हाय ना. सोड."

मी सोडली. ती मागे रेलली, त्याच्या हातावर टेकली आणि हात कुठे कसा धरला की ती सरळ होते, हे तो दोन्ही तळव्यांनी चाचपत राहिला. होडीची बाजू वाकवणारा माणूस. त्याला माझ्या सांगण्याची गरज नव्हती.

आठ दिवसांनी खुर्ची तयार झाली. सागाच्या फळ्या, पाठीचा कोपरा टोकदार नव्हे तर किंचित गोल, आणि दोन पायांच्या मध्ये एक गुळगुळीत खुंटी, म्हणजे पाय आवळले जाऊ नयेत. खुंटी चित्रात नव्हती. ती त्याने स्वतःच्या मनाने घातली होती. हॉस्पिटलातल्या बाईंनी ती खुर्ची बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली आणि दुसऱ्या एका मुलासाठी तशीच करून मिळेल का, असं विचारलं. मिळाली.

खुर्चीत बसल्यावर मुलीला पहिल्यांदा आपले दोन्ही हात समोर दिसले, असं मला वाटतं. मी तिच्यापुढे परातीत तांदूळ ओतायची, कणकेचा गोळा द्यायची. चमच्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड केला, तेव्हा तिला तो धरता आला. पहिले कित्येक दिवस वरणभात तोंडापेक्षा कानात जास्त गेला. शेजारणी म्हणायच्या, पोरीचे हाल कशाला करतेस, दोन मिनिटांत भरवून टाक. मी म्हणायची, मला वेळ आहे. खरं तर नव्हता, ब्लाऊज तुंबलेले असायचे. पण मी हटले नाही, आणि त्याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

वयाची दोन वर्षं पूर्ण होता होता ती जमिनीवर आधाराशिवाय बसली. मी मशीनवर होते. मागून काही आवाज नाही म्हणून वळून पाहिलं, तर ती बसून माझ्या कापडाचे तुकडे एकेक करून उचलत होती. मी तिला हाक मारली नाही. तसंच पायडल मारत राहिले, कारण थांबले असते तर ती दचकली असती.

साडेचार वर्षांची असताना ती चालली. टाचा टेकत नव्हत्या, गुडघे एकमेकांना घासायचे, पण चालली. एक दिवस सोमवारची बाई म्हणाली की आता महिन्यातून एकदा आलात तरी पुरे. मला आनंद व्हायला हवा होता. तिथल्या जिन्याशी उभी राहून मी मनसोक्त रडले.

शाळेचा प्रश्न सत्तरच्या दशकात आला. हेडमास्तरांनी तिला वीसपर्यंत आकडे म्हणायला सांगितले. तिचं बोलणं संथ, शब्द ओढत यायचे. मास्तर चौदावर थांबवायला निघाले. नवरा, जो एरवी कोणापुढे आवाज काढायचा नाही, म्हणाला, "साहेब, तिचं पूर्ण होऊ द्या."

तिचं पूर्ण झालं. मास्तरांनी घड्याळ बघितलं, मग तिच्याकडे, आणि रजिस्टर पुढे ओढून म्हणाले, "पहिल्या बाकावर बसेल."

तिचं अक्षर मोठं, एका शब्दाला दोन ओळी लागायच्या. वर्गात ती कधी पहिली आली नाही. पण सातवीपर्यंत एकही वर्ष तिचं बुडालं नाही. त्या वर्षांत नवघरहून एक बाई, मुठी आवळलेला दीड वर्षाचा मुलगा खांद्यावर टाकून, माझं घर विचारत आली. तिच्या नवऱ्याला कोणीतरी कारखान्यात माझ्याबद्दल सांगितलं होतं. मी मशीन बंद केलं, जमिनीवर चटई टाकली आणि म्हटलं, "याला कसं उचलतेस, ते आधी दाखव."