तीन पौंड सहा औंस

निहार, मीरा — हे अजून कुणालाही ठाऊक नाही. तुमच्या आईला नाही, माझ्या बहिणीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या तुमच्या आबांना तर नाहीच. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी फार व्यवस्थित लिहिते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये तसं वळणच लावलं होतं आम्हाला — परिच्छेदाला परिच्छेद असा जोडायचा की मधे काय राहून गेलं ते कुणाला दिसू नये. मराठीत मी अडखळते. आज अडखळलेलंच बरं. रविवारच्या मराठी शाळेत शिकलात तेवढ्यावर हळूहळू वाचा. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिने वाचलं तरी चालेल.

गेल्या महिन्यात, निहार, तू सनीव्हेलहून फोन केलास. आबांचा तो फोटो तुला सापडला होता — पानापानांच्या छापाचे कपडे, तसलीच टोपी, आणि चेहरा असा की जणू कुणी त्यांना शाळेतून लवकर सोडलंय. तू विचारलंस, "आजी, पण आबांनी हंटिंग एकदम स्टॉप का केलं? ही वॉज सो इन्टू इट." आणि मी म्हणाले, "ताकद गेली होती रे त्यांची."

इतक्या सहज म्हणाले. तू "ओह" म्हणालास. फोन ठेवल्यावर मी फ्रीज उघडून बराच वेळ नुसती उभी होते.

ताकद गेली नव्हती.

कुठून सुरू करू? माझ्या तक्त्यांपासून करते, कारण सगळं तिथूनच आहे. मीरा, जर्सी सिटीतलं अपार्टमेंट ठरवताना तू मला तीन लिंक पाठवल्यास आणि म्हणालीस, "आजी, चार्ट कर ना." तसे तक्ते मी आयुष्यभर केले. वॉशिंग मशीन, डॉक्टर, विम्याची योजना, तुमच्या आईची कॉलेजं. आणि भारतात जायच्या आधी बॅगांची वजनं. कपाटात तो हाताने धरायचा काटा असायचा; एकेक बॅग त्याला अडकवून उचलायची, आकडा लिहायचा. विमानतळावर लोक जमिनीवर बॅगा उघडून लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडे करत असत. आम्ही कधी केल्या नाहीत. आबा काउंटरवरच्या माणसाला अभिमानाने सांगायचे, "माय वाइफ हॅज वेइड देम." जणू त्यावर आता विमान कंपनीने सही करायची तेवढी राहिली.

आबा कारखान्यात तपासणीचे इंजिनिअर होते. दुसऱ्यांनी लिहिलेली मापं पुन्हा मोजून बघणं हेच त्यांचं काम. तिथला एक नियम त्यांनी मला लग्नानंतर शिकवला होता. आकडा चुकला तर खोडायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे चूक वाचता आली पाहिजे. शेजारी खरा आकडा लिहायचा, आणि खाली सही. छत्तीस वर्षं त्यांनी सगळ्यांचे आकडे तपासले. माझा एकही कधी तपासला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांची शेजारच्या वॉल्टरशी मैत्री झाली. वॉल्टर स्कूलबस चालवून निवृत्त झालेला. आबांचा चष्मा आणि खिशातलं पेन बघून तो त्यांना 'प्रोफेसर' म्हणायचा. आमच्या या डब्लिन गावापासून तासाभरावर त्याच्या भावाचं शेत होतं, मागे ओकचं रान. वसंतात तो आबांना तिथे टर्कीच्या शिकारीला घेऊन जाऊ लागला. पहिल्या वर्षी मला वाटलं, एकदा जातील आणि थंडीने परत येतील. ते चार वर्षं गेले.

टर्कीच्या शिकारीत पळापळ नसते. उजाडायच्या आधी झाडाला पाठ लावून बसायचं. लाकडाची छोटी डबी घासून मादीसारखा आवाज काढायचा. दूरवरून नर ओरडतो, आणि त्यानंतर नुसतं थांबायचं. चाळीस-चाळीस मिनिटं. त्या पक्ष्याची नजर आणि कान असे की बसल्या जागी नुसतं बूड हलवलं तरी तो गेलाच म्हणून समजा — हे वॉल्टरचे शब्द. चार वर्षांत आबांनी एकच पक्षी मारला. तो वॉल्टरच्या बायकोने नेला. माझ्या स्वयंपाकघरात तो आला नाही.

मग आबांचा गुडघा बदलला. त्यांना जमिनीवर बसता येत होतं, पण उठता येत नव्हतं. वॉल्टर म्हणाला, "प्रोफेसर, तुला खुर्ची लागणार. हलकी घे, चढ आहे." त्या दुपारी आबा जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर येऊन बसले.

"एक तक्ता करून दे ना," म्हणाले. "वजन कमी हवं. बैठक बुटकी, पाठीला टेकू, पाय रुंद — चिखलात रुतता कामा नयेत. आणि मुख्य म्हणजे करकरायला नको."

"आणि तुमच्या त्या पक्ष्याला विचारायचं का, त्याला कोणता रंग आवडतो?"

ते हसले. "त्याला दिसलीच नाही पाहिजे. तूच निवड. तू निवडलीस की मला बघावं लागत नाही."

मी दोन खुर्च्या मागवल्या. खरंच सांगते, मागवताना माझ्या मनात काही नव्हतं. आबा व्यायामाला गेले होते तेव्हा दोन्ही आल्या. मी काट्याला अडकवून मोजल्या. पहिली तीन पौंड सहा औंस. दुसरी नऊ पौंड चार औंस — लोखंडी सांगाडा, हाताला दांडे, बारीक पाय. दुसरीवर बसून मागे रेलले की उजव्या बिजागरीतून आवाज यायचा. बारीकच, पण यायचा.

मग पहिली घेऊन मी मागच्या अंगणात मेपलखाली बसले. चाळीस मिनिटं बसून बघायचं, हे माझ्या पद्धतीचंच होतं. जाळीची पाठ, किंचित मागे झुकलेली. पाच मिनिटांत कमरेचं दुखणं विसरले. पंधरा मिनिटांनी एक रॉबिन पक्षी माझ्या बुटापासून हातभर अंतरावर येऊन माती उकरायला लागला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. मी तिथे नव्हतेच जणू. आणि मला इतकं बरं वाटलं — काय सांगू? कुणासाठी काही करायचं नव्हतं, कुठली यादी नव्हती.

तेव्हा मला कळलं, आबा तिकडे कशासाठी जातात. आणि हेही कळलं की ही खुर्ची असली तर ते अजून दहा वर्षं जातील.

मी उठले. हलकी खुर्ची पुन्हा खोक्यात घातली, चिकटपट्टी लावली आणि परत पाठवायला देऊन आले. जड खुर्चीचा खोका रिसायकलिंगमध्ये टाकला, तिच्यावरचं वजनाचं लेबल कात्रीने कापलं. मग टेबलाशी बसले आणि पट्टी घेऊन नेहमीसारखा तक्ता आखला. जड खुर्चीच्या नावापुढे लिहिलं — वजन, तीन पौंड सहा औंस. आवाज, नाही. शेरा, सर्वांत योग्य. अक्षर अगदी नेहमीसारखं आलं. हात थरथरला असता तर आज निदान तेवढं तरी सांगता आलं असतं.

का केलं? माझ्याकडे कारणं होती. बंदुकीची भीती होती. मंडळाच्या दिवाळीत एकाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय वहिनी, यंदा फराळात टर्कीची तंगडी का?" आणि हशा झाला होता, त्याची लाज होती. गुडघ्याची काळजी होती. ही कारणं मी स्वतःला इतकी वर्षं ओळीने सांगत आले. पण त्या मेपलखाली यातलं एकही मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की निवृत्तीनंतर हा माणूस माझ्या वाट्याला येणार होता — आणि जिथे माझी काहीच गरज नाही अशी एक जागा त्याने शोधली होती, आणि तिथे तो माझ्याजवळ असतो त्यापेक्षा सुखी होता. ते मला सहन झालं नाही. बस.

हंगामाच्या पहिल्या दिवशी ते अकराच्या आत परत आले. खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ होता. मी तेल लावून दिलं. हो, मीच.

"चढावर दोनदा थांबावं लागलं," म्हणाले. "वॉल्टर म्हणाला, दे इकडे, मी घेतो. मी म्हटलं, अरे तीन पौंडांची तर खुर्ची आहे, ती काय दुसऱ्याच्या खांद्यावर देऊ?"

मी विचारलं, "जड वाटतेय का?" — विचारलं मी हे. त्यांनी मान हलवली. "तू मोजलीयस ना. खुर्ची जड नाही. मीच संपत आलोय."

तो काटा दहा पावलांवर कपाटात होता. त्यांनी तो काढला नाही. त्यांना आपल्या खांद्यावर शंका आली, माझ्या आकड्यावर आली नाही. मला तेव्हाही बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तेलाची बाटली जागेवर ठेवली.

ते आणखी दोनदा गेले. एकदा नर समोर आला होता, तीस पावलांवर, पिसारा फुलवून. आबा रेलले आणि बिजागरी बोलली. ते म्हणाले, बहुतेक माझाच गुडघा वाजला. तिसऱ्यांदा मधल्या चढावर खाली बसले आणि वॉल्टरबरोबर तसेच मागे फिरले. त्या संध्याकाळी त्यांनी बंदूक वॉल्टरला देऊन टाकली. घरी येऊन म्हणाले, "झालं आपलं." मी म्हणाले, "बरं झालं. वय झालं आता."

मला वाटलं होतं, शिकार सुटेल, बाकी सगळं तसंच राहील. पण माणूस एका ठिकाणी म्हातारा होऊन थांबत नाही. पुढच्याच आठवड्यात म्हणाले, दूध अर्ध्या गॅलनचं आणत जा, पूर्ण गॅलन माझ्याने उचलत नाही. आदल्या दिवशी एका हाताने उचललेला मी बघितला होता. मग हिवाळ्यात बर्फ काढायला माणूस लावला. मग भारताची फेरी रद्द केली; म्हणाले, बॅगा कोण उचलणार? आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनी त्यांना डोंगरात कॅम्पिंगला बोलावलंत. मीरा, तू त्यांच्यासाठी वेगळी स्लीपिंग बॅग आणली होतीस. ते म्हणाले, "नको बाळा, मी तुम्हाला ओझं होईन." तू फोनवर रडलीस. तुला वाटलं, आबांना आपल्याबरोबर यायचंच नाहीये. त्यांना यायचं होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी तुमच्या त्या जागेचा नकाशा कॉम्प्युटरवर किती वेळ मोठा करून बघितला. मी मागे उभी होते.

पाच वर्षं ते असे जगले. गेले ते हृदयविकाराने, झोपेत. डॉक्टर म्हणाले, कुणाला काही करता आलं नसतं. त्या जाण्याशी खुर्चीचा संबंध नाही. त्या पाच वर्षांशी आहे.

ते गेल्यावर महिन्याभराने वॉल्टर आला. गॅरेज आवरायला मदत करतो म्हणाला. भिंतीला ती खुर्ची टेकलेली होती. मी म्हटलं, घेऊन जा हवी तर. त्याने एका हाताने सहज उचलायला हात घातला, आणि थांबला. मग दुसरा हात लावला. वर-खाली करून बघितली.

"प्रोफेसर मला नेहमी सांगायचा, ही तीन पौंडांची आहे," तो म्हणाला. "म्हणायचा, बायकोने मोजलीय."

त्याने माझ्याकडे बघितलं. तो बायको गेलेला, भला माणूस आहे. त्याने खुर्ची जशी होती तशी भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "राहू दे इथेच." त्यानंतरही तो येतो. माझ्या दारासमोरचा बर्फ काढतो. बसायला मात्र आत येत नाही.

काल मी ती खुर्ची पुन्हा मोजली. तोच काटा, तोच आकडा. मग आबांच्या फाइल्स काढल्या. माझे सगळे तक्ते त्यांनी वर्षावार लावून ठेवलेत. हाही होता, त्याच्या जागी. वर कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात बारीक लिहिलंय — 'उत्तम'.

तो कागद आता माझ्यासमोर आहे. त्याच्या दोन प्रती करून या पत्राबरोबर पाठवते आहे, एकेकाला एक. त्याआधी पट्टी घेऊन मी त्यावर एक रेघ मारली. खालचं वाचता येतं.

~~तीन पौंड सहा औंस~~
नऊ पौंड चार औंस.

— आजी